बैहरच्या पठारावरचा खसरा

बैहरच्या पठारावर घर घ्यायचं म्हणून माझ्याकडे येणारे बहुतेक लोक डिसेंबर-जानेवारीत येतात. कान्हाच्या मुक्की फाटकातून जंगल बघून आलेले असतात. पहाटे बंजर नदीवरचं धुकं, गवतावर गोठून पांढरं झालेलं दव, ऐन थंडीतही हिरवीगार उभी असलेली सरईची झाडं, हे सगळं डोळ्यांत ताजं असतं. परतीच्या वाटेवर रस्त्याकडेला एखादं उतरतं शेत दिसतं, शेताच्या टोकाला मोहाचं झाड, पलीकडे मैकलच्या डोंगरांची निळी रांग. गाडी थांबते, फोटो निघतात, जवळच्या टपरीवर चौकशी होते आणि ‘इथे दोन खोल्या बांधून राहायचं’ हे मनात पक्कं होतं. नागपूर, गोंदिया, भिलाई, रायपूर इथले लोक. निवृत्तीला टेकलेले किंवा नुकतेच निवृत्त झालेले.

मी बालाघाटला महसुली कामं बघणारी वकील. तहसील, एसडीएम आणि कलेक्टर यांच्यासमोरची प्रकरणं आणि दस्त होण्याआधीचा सर्च, म्हणजे जमिनीचा मागचा सगळा प्रवास कागदावरून काढून देणं, हे माझं रोजचं काम. आमच्या जिल्ह्यात मराठी घरं पुष्कळ. त्यात नवल काही नाही. हा जिल्हाच १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे भाग जोडून झाला आणि १९५६ पर्यंत आमचीही राजधानी नागपूरच होती. नागपूरचं गिऱ्हाईक माझ्याकडे वळतं ते याच कारणानं. कागद सगळे हिंदीत, त्यातही जुन्या महसुली हिंदीत. ते मराठीत समजावून सांगणारं कुणी तरी हवं असतं.

येताना ते एक गोष्ट ऐकून आलेले असतात आणि ती खरी आहे. विदर्भात शेतकरी नसलेल्या माणसाला कूळ कायद्यामुळे शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही, शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. मध्य प्रदेशात तशी अट नाही. बँकेतून निवृत्त झालेला, गावाकडे गुंठाभर जमीन नसलेला माणूसही इथे शेत विकत घेऊ शकतो. या एका वाक्यावर विसंबून लोक बयाणा देऊन मोकळे होतात. दुसरं वाक्य त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

ते दुसरं वाक्य समजायला घाट चढावा लागतो. बालाघाट शहर वैनगंगेच्या काठी, सखल भागात. भरवेलीची मॅंगनीजची खाण मागे टाकली की गांगुलपाऱ्याचा तलाव लागतो, तिथून रस्ता वळणं घेत वर चढतो आणि उकव्यावरून बैहरला जातो. घाटाखाली धानाची बांधबंदिस्ती, तळी, दाट वस्ती. घाटावर मोकळी पठारं, जंगल, विखुरलेले गोंड आणि बैगा टोले. हा घाटावरचा भाग, म्हणजे पूर्वीची सगळी बैहर तहसील, ज्यातून पुढे परसवाडा आणि बिरसा वेगळ्या झाल्या, संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालचं अनुसूचित क्षेत्र आहे. घाटाखालचा जिल्हा त्यात नाही. रस्त्यावर त्याची खूण नाही, पण जमिनीच्या व्यवहाराच्या दृष्टीने घाट चढणं म्हणजे वेगळ्या कायद्याच्या प्रदेशात शिरणं.

नागपूरचे एक काका-काकू आले होते, त्यांची गोष्ट सांगते. काका वीज मंडळातून निवृत्त, काकू शाळेत शिक्षिका होत्या. बैहरपासून काही अंतरावर त्यांनी एक शेत बघितलं होतं. मोबाइलवरचे फोटो त्यांनी माझ्या टेबलावर एकेक करून दाखवले. जागा सुंदर होती, यात वादच नाही. शेताच्या खाली नाला, पलीकडे गवताचा मोठा उतार आणि मग सरईचं जंगल थेट क्षितिजापर्यंत. काकू म्हणाल्या, “वकीलबाई, इथे ओसरीत बसलं की समोर एक घर दिसत नाही हो.”

मी संगणकावर त्या गावाचा हल्का उघडला, खसरा क्रमांक टाकला. महाराष्ट्रात सातबाऱ्यावर जे असतं ते इथे खसरा आणि बी-वन अशा दोन कागदांत वाटलेलं असतं. बी-वनवर भूमिस्वामीचं नाव, वडिलांचं नाव, पुढे जात, पुढे गाव. जातीच्या जागी दोन अक्षरं होती : गोंड. मी पडदा काकांकडे वळवला आणि म्हटलं, “हे शेत तुम्हाला घेता येणार नाही.”

“पण त्याची तयारी आहे,” काका म्हणाले. “तो स्वतः म्हणाला घ्या म्हणून.”

तयारीचा प्रश्नच नाही. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत कलम १६५ आहे, त्याचं पोटकलम ६. घाटाखालच्या भागात आदिवासी भूमिस्वामीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर कलेक्टरची परवानगी लागते आणि कलेक्टरला ती का दिली याची कारणं लेखी नोंदवावी लागतात. घाटावर, अनुसूचित क्षेत्रात, ती वाटही बंद. परवानगीचा अर्जच चालत नाही. विकत घेणारा कितीही सज्जन असो, भाव कितीही चांगला देत असो.

मग पळवाटा सुचवणारे भेटतात. कुणी सांगतं, ड्रायव्हर आदिवासी आहे ना, त्याच्या नावावर घ्या. कुणी सांगतं, नव्व्याण्णव वर्षांचा करार करा, मुखत्यारपत्र करून ठेवा, नोटरीचा इकरारनामा पुरतो. काकांनाही हे सगळं सांगून झालेलं होतं. मी या गोष्टींना हात लावत नाही आणि का लावत नाही हे गिऱ्हाइकाला बसवून सांगते. दुसऱ्याच्या नावावर पैसे घालणं हा १९८८ च्या बेनामी कायद्याखाली गुन्हा आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर मालमत्ता जप्त होते आणि सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय संहितेतच कलम १७०-ख आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या ताब्यात कशी आली याची चौकशी त्याखाली एसडीएम करतात, आणि अनुसूचित क्षेत्रात तर ग्रामसभेलाच असा ताबा मूळ मालकाला परत मिळवून देण्याचा अधिकार आहे. म्हातारपणी बांधलेलं घर चौकशीच्या नोटिशीखाली ठेवून कुणाला सुखाने चहा पिता येईल?

हे सगळं ऐकून बहुतेक लोक चिडतात. कायदा आंधळा आहे म्हणतात, गोंड बिचारा गरीब राहतो तो याच कायद्यामुळे म्हणतात. या दुसऱ्या वाक्यावर मला थांबावं लागतं, कारण त्यात तथ्य आहे. त्या शेताचा मालक मला पुढे दुसऱ्या कामासाठी भेटला. पन्नाशीचा माणूस, काटक, कमी बोलणारा. मुलीच्या आजारपणात सावकाराकडून पैसे उचललेले. कोदो-कुटकी आणि थोडा धान यांवर घर चालवायचं, त्यात रानडुकरं आणि चितळं उभं पीक खाऊन जातात. तो मला म्हणाला, “बाई, शहरवाला दहापट भाव देतो आणि तुम्ही म्हणता विकू नको. मग मी मुलीला वाचवू कशानं?” मी त्याला कायद्याचा उद्देश समजावत बसले नाही. त्याच्या नावावरचं किसान क्रेडिट कार्ड निघालेलं नव्हतं, ते निघण्यासाठी बी-वनवरची वारसाची नोंद दुरुस्त करून घ्यावी लागणार होती. त्याच्या वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि फौती नामांतरण कुणी केलंच नव्हतं. ते काम मी केलं. एवढ्यानं त्याचं कर्ज फिटत नाही हे मला ठाऊक आहे. जमीन वाचवणारा कायदा केला आणि ती जमीन कसणाऱ्याला जगायला लागणारं कर्ज, दवाखाना, पिकाची नुकसानभरपाई वेळेवर दिली नाही, तर तो कायदा अर्धाच पाळला असं मी मानते. पण म्हणून कलम १६५ काढून टाकावं, हे मला पटत नाही. ज्या भागात ते नव्हतं किंवा पाळलं गेलं नाही, तिथल्या फायली मी वाचल्या आहेत. एका पिढीचं आजारपण आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांची मजुरी, असा तो हिशेब असतो.

आणि दुसरी एक गोष्ट, जी मी काका-काकूंना सांगितली आणि तेव्हापासून प्रत्येकाला सांगते. समोर एक घर दिसत नाही, म्हणून ती जागा तुम्हाला आवडली ना? समोर घर नाही याचं कारण हे कलमच आहे. पठारावरची शेतं बाजारात खुली असती, तर मुक्कीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कधीच कुंपणं लागली असती. तुमच्या आधी शंभर जणांनी तोच फोटो काढलेला आहे. त्या शंभरांना नाही म्हटलं गेलं, म्हणून तुमच्या मोबाइलमध्ये तो उतार मोकळा दिसतोय.

हा मोकळेपणा आपोआप आलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पठाराचा वरचा भाग जवळजवळ निर्जन अरण्य होतं. लछमन नाईक नावाच्या माणसानं परसवाड्याच्या पठारावर पहिली गावं वसवली, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. निर्जन म्हणजे शेतसारा भरणारं कुणी नव्हतं, असं मी ते वाचते. बैगा तिथे होतेच. ते डोंगरउतारावर झाडं तोडून, जाळून, राखेत बी टाकून बेवर करत. इंग्रजांनी जंगलं राखीव केली आणि बेवर बंद पाडली. पुढे १९५५ मध्ये कान्हा राष्ट्रीय उद्यान झालं, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला. साठच्या दशकाच्या अखेरीपासून आतली गावं एकामागून एक बाहेर हलवली गेली. पर्यटक ज्या गवताळ मैदानांवर बारशिंगे बघतात, त्यांतली कित्येक मैदानं म्हणजे उठवलेल्या गावांची शेतं. १९७० मध्ये इथे बारशिंगे फक्त ६६ उरले होते. ते आज शेकड्यांनी आहेत, ते त्या गवतामुळे. बारशिंगा वाचला याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या मैदानाकडे बघताना तिथून उठलेली माणसं आज कुठल्या टोल्यावर राहतात, हेही मला ठाऊक असतं, कारण त्यांच्यातले काही माझे पक्षकार आहेत. डोंगराकडे बघायला जागा मागणाऱ्याला एवढा इतिहास माहीत असावा असं मला वाटतं. त्यासाठी सर्चची फी मी वेगळी लावत नाही.

घाटावर बिगर-आदिवासी भूमिस्वामीही आहेत : पवार, मरार, लोधी, कलार. त्यांची जमीन विकली जाऊ शकते. पण आजचा बी-वन बघून भागत नाही. मी मागे जाते. १९५४-५५ चा अधिकार अभिलेख काढते, त्याही मागचा बंदोबस्ताचा मिसल मिळाला तर तो. आज पवाराच्या नावावर असलेलं शेत तेव्हा कुणाच्या नावावर होतं? तिथे गोंड किंवा बैगा नाव निघालं, तर मधल्या काळात ते कसं बदललं याचा प्रत्येक दुवा हातात यावा लागतो. दुवा सापडला नाही की मी लेखी ‘नको’ देते.

दुसरी तपासणी जंगलाची. खूप सुंदर जागा असते, रस्त्याला लागून, उतारावर, विकणारा ‘पटवाऱ्याशी बोलून ठेवलंय’ म्हणतो आणि जुन्या कागदात त्या खसऱ्यापुढे ‘छोटे झाड़ का जंगल’ असं लिहिलेलं निघतं. डोळ्यांना तिथे चार पळसाची झुडपं दिसतात. पण सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशात सांगितलं की मालकी कुणाचीही असो, सरकारी दप्तरात जंगल म्हणून नोंद असलेल्या क्षेत्राला १९८० चा वनसंरक्षण कायदा लागू होतो. चार झुडपं त्या एका ओळीमुळे जंगल ठरतात. मग वनखात्याचा नकाशा आणि महसुलाचा नकाशा एकावर एक ठेवून बघावे लागतात, कारण बऱ्याच ठिकाणी दोघांच्या सीमा जुळतच नाहीत आणि मधली पट्टी दोघेही आपली म्हणतात. जागा कान्हाच्या बफरमध्ये येत असेल, तर बांधकामाचे नियम आणखी वेगळे.

कागद स्वच्छ निघाले, की मी गिऱ्हाइकाला परत पाठवते आणि मे महिन्यात यायला सांगते. काही जण येत नाहीत. काका-काकू आले, या वेळी दुसरी जागा बघायला.

मे महिन्यात हे पठार ओळखू येत नाही. गवत वाळून पिवळं, मुरूम उघडा पडलेला, दुपारी वाऱ्याबरोबर लाल धूळ. इथे पाऊस कमी नाही, भरपूर आहे; पण पाणी थांबत नाही. हे पठार पाणलोटाचा कणा आहे. एका बाजूचं पाणी बंजरमधून मंडल्याला नर्मदेत आणि तिथून अरबी समुद्रात जातं, दुसऱ्या बाजूचं वैनगंगेतून गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात. दोन्हीकडे उतार असलेल्या जागी पाणी धरून ठेवायचं तर ते मुद्दाम अडवावं लागतं. वरचा मुरमाचा थर पातळ, खाली कठीण खडक, त्यामुळे बोअर लागेलच याचा भरवसा नाही. आम्ही बघायला गेलेल्या गावात हापशीला पाणी यायला दांडा बराच वेळ मारावा लागत होता आणि बायका झिरीवर वाटीनं पाणी भरत होत्या. नाल्याच्या पात्रात वाळू उकरून केलेला तो खड्डा, त्याच्या तळाशी हळूहळू पाझरणारं पाणी, कडेला पळसाच्या पानावर ठेवलेली वाटी. काकू तिथे बराच वेळ बसून राहिल्या. एका बाईशी त्या बोलत होत्या, ती गोंडी मिसळलेल्या हिंदीत, या नागपुरी मराठीत. गाडीत बसल्यावर काकू काकांना एवढंच म्हणाल्या, “बोअर मारायचं नाही. तळं बांधायचं. आपल्या बोअरनं यांची झिरी आटली तर मला झोप लागायची नाही.” तिथून पुढे या दोघांचं काम मी जीव लावून केलं.

तब्येतीचं बोलणंही तेव्हाच केलं. बैहरला शासकीय रुग्णालय आहे, पण हृदयाचं किंवा मेंदूचं काही झालं तर घाट उतरून बालाघाट, तिथून गोंदिया नाही तर नागपूर. रात्री घाटात धुकं असतं. काकांना मधुमेह. मी त्यांना सांगितलं, वर्षभर इथे राहायचा हट्ट धरू नका, हिवाळा आणि पावसाळ्याचा शेवट एवढंच राहा. मुलांनाही हे पटलं.

मध्यंतरी एका दलालानं त्यांना वैनगंगेकाठचे प्लॉट दाखवले होते. नदीचं दृश्य, शहर जवळ, दवाखाना जवळ. मी एकच प्रश्न विचारायला सांगितला : २०२० च्या ऑगस्टअखेर इथे पाणी कुठपर्यंत होतं? त्या वेळी शिवनीच्या संजय सरोवराचे दरवाजे उघडले होते आणि बालाघाटपासून गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत वैनगंगेनं काठ सोडला होता. दलालानं उत्तर दिलं नाही. शेजारच्या घराच्या भिंतीवर पुराची रेघ होती, ती काकांनीच बघितली.

शेवटी जी जागा ठरली ती एका पवार शेतकऱ्याची, गावाला लागून, मोठ्या खसऱ्यातला एक तुकडा. अधिकार अभिलेखापासून आजपर्यंत त्याच घराण्याचं नाव, जंगलाची नोंद नाही, वनखात्याच्या सीमेपासून लांब. दृश्य पहिल्या जागेइतकं भव्य नाही. नाला दिसत नाही. पण ओसरीच्या जागेवरून समोर गोंडांची तीन-चार शेतं, मोहाची झाडं आणि त्यामागे डोंगर दिसतो. ती शेतं कुणा बाहेरच्याला विकली जाणार नाहीत, हे काका आता मलाच समजावून सांगतात.

एक गोष्ट वाजिब-उल-अर्जमध्ये निघाली. गावाच्या निस्ताराच्या, म्हणजे वाट-पाण्यासारख्या रोजच्या गरजांच्या, हक्कांची ती जुनी नोंदवही. तुकड्याच्या उत्तरेच्या कडेनं गावाची गुरं नाल्यावर पाण्याला नेण्याची वाट तीत लिहिलेली होती. विकणारा म्हणाला, आता कुणी जात नाही, कुंपण सरळ घाला. आम्ही गावात विचारलं, उन्हाळ्यात जातात. मी विक्रीपत्राच्या मसुद्यात त्या वाटेची रुंदी आणि दिशा लिहून घेतली, ती खुली ठेवण्याची अट खरेदीदारावर टाकली, आणि नकाशात ती वेगळ्या रेघेनं दाखवली. काकांनी कुंपणाचा अंदाज मागवताना ती बाजू वगळूनच मागवला.

नोंदणी झाली आहे. पूर्ण खसरा विकला असता तर नामांतरण सायबर तहसीलमध्ये परस्पर झालं असतं. इथे तुकडा असल्यामुळे प्रकरण तहसीलदारांकडे आहे. बटांकन, म्हणजे तुकड्याची वेगळी फोड, होऊन नवा क्रमांक पडायला पटवाऱ्याचा अहवाल हवा आणि पावसाआधी सीमांकनाची मोजणी व्हायला हवी, नाही तर शेतात चिखल होऊन मोजणीदार दिवाळीनंतरची तारीख देतात. काकांनी तळ्याची जागा खुंट्या ठोकून आखून ठेवली आहे. मोजणीच्या दिवशी शेजारच्या गोंड शेतकऱ्यालाही बोलावलं आहे, कारण दक्षिणेचा बांध त्याच्या शेताला लागतो आणि जुना मेराचा दगड कुठे आहे हे त्याच्याशिवाय गावात कुणाला नक्की ठाऊक नाही.